प्रकल्प नोंदी : क्वासी-अक्षीय स्टेलरेटरची सममिती आणि समतोल

६ जानेवारी २०२५ : उद्दिष्ट

स्टेलरेटर म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्राने टोरसमध्ये, म्हणजे कड्याच्या आकाराच्या नळीत, धरून ठेवणारे यंत्र. या प्रकल्पात दोन आवर्तनांच्या (एका फेऱ्यात तोच आकार दोनदा येणाऱ्या) क्वासी-अक्षीय, म्हणजे कणांच्या दृष्टीने अक्षाभोवती सममित असलेल्या, स्टेलरेटरची चुंबकीय रचना आधी निर्वात अवस्थेत तयार करायची, मग तिच्यात प्लाझ्माचा दाब टप्प्याटप्प्याने घालायचा, आणि सममिती व समतोल (प्लाझ्माचा दाब चुंबकीय बलाने तोलला जाणे) या दोन अटी एकमेकींना कुठे साथ देतात व कुठे अडवतात ते पाहायचे, असे ठरले आहे. शेवटी ते क्षेत्र निर्माण करणाऱ्या कॉइलींचा (विद्युतधारा वाहणाऱ्या वळशांचा) एक संच काढायचा आहे. रचना मुद्दामच नवी निवडलेली नाही. लँडरमन आणि पॉल यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्वासी-अक्षीय रचनेशी प्रत्येक पायरी ताडून पाहता यावी, म्हणून त्यांचेच आकडे घेतले आहेत : मोठ्या (कड्याच्या) आणि लहान (नळीच्या) त्रिज्येचे गुणोत्तर ६ आणि सरासरी आयोटा ०.४२. क्षेत्ररेषा टोरसभोवती लांबच्या वाटेने एक फेरा पूर्ण करते तेवढ्यात आखूड वाटेने तिचे किती फेरे होतात, तो आकडा म्हणजे आयोटा.

टोकामॅक हे याच कामाचे अधिक रूढ यंत्र सोडून स्टेलरेटर कशासाठी, हा प्रश्न गटात नव्याने येणारे विद्यार्थी विचारतातच, म्हणून उत्तर इथे एकदा लिहून ठेवतो. टोरसमध्ये क्षेत्र आतल्या बाजूला जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी असते, त्यामुळे धन आणि ऋण प्रभाराचे कण उभ्या दिशेने एकमेकांच्या विरुद्ध सरकतात, त्यातून विद्युत क्षेत्र उभे राहते आणि सगळा प्लाझ्मा बाहेर ढकलला जातो. हे टाळण्यासाठी क्षेत्ररेषांना पीळ हवा. टोकामॅकमध्ये तो प्लाझ्मातून वाहणाऱ्या मोठ्या विद्युतधारेमुळे मिळतो, पात्राची अक्षीय सममिती अबाधित राहते आणि समतोलाचा सारा प्रश्न ग्रॅड-शाफ्रानोव्ह या द्विमितीय समीकरणात मावतो. मात्र ती धारा सतत चालती ठेवावी लागते, आणि ती अचानक कोसळली की पीळही जातो. लायमन स्पिट्झर यांनी १९५१ मध्ये प्रिन्स्टन येथे दुसरी वाट धरली : नळीच इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मुरडायची आणि पीळ बाहेरच्या कॉइलींकडून घ्यायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण या यंत्राला अक्षरशः लागू पडते.

इतिहास मात्र टोकामॅकच्या बाजूने गेला. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत संशोधकांनी टी-३ या टोकामॅकची तापमाने जाहीर केली, १९६९ मध्ये ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेतल्या चमूने मॉस्कोत जाऊन लेझरच्या साहाय्याने ती पडताळली, आणि पुढच्याच वर्षी प्रिन्स्टनने आपला मॉडेल-सी स्टेलरेटर मोडून त्याचा टोकामॅक केला. भारतातही गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतली आदित्य आणि एसएसटी-१ ही दोन्ही यंत्रे टोकामॅकच आहेत. जुन्या स्टेलरेटरांमधून कण फार लवकर निसटत, आणि त्याचे मूळ कारण सममितीचा अभाव हे होते. पुढच्या सगळ्या नोंदी त्या कारणाभोवतीच फिरणार आहेत.

१० जानेवारी २०२५ : हाताने केलेला अंदाज

संगणकाला हात लावण्याआधी अल्फा कणांचे (संमीलनात तयार होणाऱ्या हेलियम केंद्रकांचे) गणित कागदावर केले. ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संमीलनातून १७.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. तिच्यापैकी १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो आणि ३.५ अल्फा कणाकडे राहते. प्लाझ्मा स्वतःच्या उष्णतेवर तग धरून राहायचा असेल, तर ही ३.५ आतच मुरली पाहिजे. अणुभट्टीच्या मापाचे यंत्र म्हणून अमेरिकेतल्या एरीस-सीएस या अभ्यासातले आकडे वापरले, कारण या विषयात तुलनेसाठी तेच वापरण्याचा प्रघात आहे : लहान त्रिज्या १.७ मीटर, क्षेत्र ५.७ टेस्ला. आपल्या गुणोत्तराने मोठी त्रिज्या १०.२ मीटर येते.

अल्फाचा वेग सेकंदाला सुमारे १३,००० किलोमीटर आणि त्याच्या घिरट्यांची त्रिज्या पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे लहान त्रिज्येत ती साधारण छत्तीस वेळा बसते. नुसती घिरटी ही अडचण नाहीच. अडचण सरकण्याची आहे. घिरटीची त्रिज्या गुणिले वेग भागिले मोठी त्रिज्या असे केले, की सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर निघतो. कण सतत एकाच दिशेने सरकत राहिला, तर १.७ मीटरचे अंतर तो तीसेक मायक्रोसेकंदांत ओलांडून भिंतीवर आदळेल. त्याची ऊर्जा प्लाझ्मात मुरायला मात्र ०.२ सेकंदाच्या पातळीचा अवधी लागतो आणि तेवढ्या वेळात तो सुमारे २,६०० किलोमीटरची वाट चालतो. दोन्ही काळांमध्ये हजारो पटींचे अंतर आहे, म्हणून सरकण्याची सरासरी जवळजवळ शून्य व्हावी लागते. थोडी कमी होऊन भागत नाही.

पीळ असलेल्या क्षेत्रात जे कण रेषेवरून अखंड धावत राहतात, त्यांची सरासरी आपोआप शून्य होते. जे कमी आणि जास्त क्षेत्राच्या दरम्यान अडकून पुढेमागे हेलकावतात, ते खरे त्रासदायक असतात. टोकामॅकमध्ये अक्षीय सममितीमुळे कोनीय संवेगासारखी एक राशी अक्षय्य राहते, म्हणून अडकलेला कणही केळ्याच्या आकाराची बंद कक्षा काढून परत येतो. साध्या स्टेलरेटरमध्ये अशी कोणतीच राशी नसते. शिवाय तिथे टकरी जितक्या विरळ, तितकी गळती वाढते, आणि उष्णतेच्या विसरणाचा गुणांक तापमानाच्या साडेतीनाव्या घाताने चढतो. तापमान दुप्पट केले तर गळती अकरा पटींहून अधिक होणार. ज्या यंत्राला तापवायचे, त्याच्यासाठी याहून वाईट नियम सुचवता येणार नाही.

१५ जानेवारी २०२५ : सममिती कशाची

अॅलन बूझर यांनी १९८३ मध्ये दाखवलेली गोष्ट या सगळ्या विषयाचा पाया आहे. योग्य निर्देशांक (त्यांनाच आता बूझर निर्देशांक म्हणतात) निवडले तर कणाच्या सरकण्याचे समीकरण क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून राहत नाही, ते फक्त त्याच्या परिमाणावर अवलंबून राहते. यंत्राचा आकार कितीही वेडावाकडा असो, एखाद्या चुंबकीय पृष्ठावर (क्षेत्ररेषा ज्याला धरून फिरत राहते त्या पृष्ठावर) परिमाण जर टोरसच्या लांब आणि आखूड वाटेने मोजलेल्या दोन कोनांच्या एकाच ठरावीक संयोगावर अवलंबून असेल, तर कणाच्या दृष्टीने ते यंत्र सममितच आहे आणि अक्षय्य राशी त्याला मिळते. अशा क्षेत्राला क्वासी-सममित म्हणतात. परिमाण टोरसभोवतीच्या लांब कोनावर अवलंबून नसेल तर ते क्वासी-अक्षीय, आणि मळसूत्री दिशेने बदलत नसेल तर क्वासी-मळसूत्री.

अशी क्षेत्रे प्रत्यक्षात रचता येतात, हे न्यूरेनबर्ग आणि त्झिले यांनी १९८८ मध्ये संगणकावर दाखवले. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठातले एचएसएक्स हे मळसूत्री जातीचे यंत्र १९९९ पासून चालू आहे, आणि सममिती मुद्दाम बिघडवली की गळती वाढते, हे २००७ मध्ये तिथेच प्रयोगाने सिद्ध झाले. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचा वेंडेलश्टाइन ७-एक्स हा स्टेलरेटर या पंगतीत बसत नाही. त्याने क्वासी-सममितीऐवजी अडकलेल्या कणांची सरासरी वेगळ्या मार्गाने शून्याजवळ आणली आहे, आणि तो मार्ग या प्रकल्पाच्या बाहेर ठेवला आहे.

एक गोष्ट वेगळी नोंदवणे गरजेचे आहे, कारण दोन्हींची गल्लत वारंवार होते. आपल्या संगणन-संहितेत जिला स्टेलरेटर-सममिती म्हणतात, ती आकृती विशिष्ट अक्षाभोवती अर्धा फेरा फिरवल्यावर जशीच्या तशी दिसण्याची सममिती आहे. तिच्यामुळे हार्मोनिकांची (आकार आणि क्षेत्र ज्या लाटांच्या बेरजेने मांडतात, त्या लाटांची) संख्या निम्मी होते आणि गणन स्वस्त पडते, पण एकाही कणाला ती आत धरून ठेवत नाही.

आपण अक्षीय जात निवडली असली, तरी कागदावर मळसूत्री जात सरस दिसते हे मान्य केले पाहिजे. केळ्याच्या आकाराच्या कक्षेची रुंदी अक्षीय जातीत आयोटाच्या व्यस्त प्रमाणात असते, तर मळसूत्री जातीत आवर्तनांच्या संख्येतून आयोटा वजा केल्यावर जे उरते त्याच्या. चार आवर्तने आणि सव्वाच्या आसपास आयोटा धरला तर पावणेतीन उरतात, आणि ०.४२ शी तुलना करता कक्षा सुमारे साडेसहा पट अरुंद होतात. तरीही अक्षीय जात घेतली, कारण ती कमी गुणोत्तरात, म्हणजे आटोपशीर यंत्रात बसते, आणि दाब घातल्यावरचे तिचे हाल अधिक ठळकपणे दिसतात. अभ्यासाला तेच हवे आहे.

२१ जानेवारी २०२५ : अटींची मोजदाद

आज दिवसभर गॅरेन आणि बूझर यांच्या १९९१ च्या निष्कर्षावर चर्चा झाली. चुंबकीय अक्षापासून (एकात एक बसलेल्या पृष्ठांच्या मधोमधच्या क्षेत्ररेषेपासून) अंतर वाढत जाते तसतशी क्षेत्राची मालिका मांडत गेले, की पहिल्या पायरीवर मुक्त फलने अटींना पुरून उरतात, दुसऱ्या पायरीवर अक्षाचा आकार काळजीपूर्वक निवडून निभावते, आणि तिसऱ्या पायरीवर समीकरणे मुक्त फलनांपेक्षा जास्त होतात. अक्षीय सममितीचा अपवाद वगळता संपूर्ण आकारमानभर काटेकोर क्वासी-सममिती बहुधा अशक्य आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या मोजदादीत अडवणूक कोण करते ते नीट पाहण्यासारखे आहे. सममितीची अट एकटी असती तर गोष्ट वेगळी होती. दाबाची प्रवणता ही विद्युतधारा आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या सदिश गुणाकाराइतकी असली पाहिजे, ही समतोलाची अट तिच्या जोडीला आली की जागा संपते. रोद्रिगेस आणि भट्टाचार्जी यांनी २०२१ मध्ये दाखवले, की दाब सर्व दिशांना सारखा असण्याचा आग्रह सोडला, तर तिसऱ्या पायरीवरची ही कोंडी सुटते. म्हणजे सममितीला मर्यादा घालणारा पक्ष समतोल हा आहे. उलट दिशेने सममिती समतोलावर मोठा उपकार करते, त्याची नोंद दाब घातल्यावर करीन.

माझ्या मते १९९१ च्या निष्कर्षाचा धाक गरजेपेक्षा जास्त बाळगला गेला. चूक अंतराच्या तिसऱ्या घाताने वाढते एवढेच तो सांगतो. गुणोत्तर ६ असेल तर सहाचा घन २१६, म्हणून चूक दोनशेवा भाग असणार, असा अर्थ त्यातून निघत नाही, कारण घातामागचा गुणांक किती लहान करता येतो याबद्दल तो मूक आहे.

अक्षाचा आकार निवडताना उपयोगी पडणारी एक सोपी कसोटीही चर्चेत आली. अक्षाच्या वक्रतेची दिशा दाखवणारा सदिश एका फेऱ्यात अक्षाभोवती किती वेळा फिरतो ते मोजायचे. शून्य वेळा फिरला तर अक्षीय जात, अन्यथा मळसूत्री. मात्र वक्रता कुठेही शून्य होता कामा नये.

२८ जानेवारी २०२५ : निर्वातातील रचना

समतोलासाठी व्हीमेक आणि ऑप्टिमायझेशनसाठी, म्हणजे उत्तम आकार शोधण्यासाठी, सिमसॉप्ट अशी दोन संगणन-संहितांची जोडणी केली आहे. हर्शमन आणि व्हिटसन यांनी १९८३ मध्ये मांडलेली व्हीमेकची पद्धत वेगळीच आहे : बलांचे समीकरण थेट न सोडवता ती चुंबकीय आणि औष्णिक ऊर्जेची बेरीज किमान करत जाते, आणि बेरीज जिथे ठरते तिथे बले आपोआप जुळलेली असतात. या तत्त्वाचे मूळ क्रुस्कल आणि कुल्सरूड यांच्या १९५८ च्या कामात आहे.

उद्दिष्ट-फलनात, म्हणजे संगणकाने जे किमान करायचे त्या बेरजेत, तीन पदे ठेवली. पहिले गुणोत्तर ६ पासून किती ढळले याचे, दुसरे सरासरी आयोटा ०.४२ पासून किती ढळला याचे, आणि तिसरे सममितीच्या चुकीचे. तिसऱ्या पदासाठी बूझर निर्देशांकांत जाण्याची गरज पडत नाही. क्षेत्राचे परिमाण रेषेच्या दिशेने ज्या दराने बदलते आणि त्याच पृष्ठावर रेषेला आडव्या दिशेने ज्या दराने बदलते, त्या दोन दरांचे गुणोत्तर संपूर्ण पृष्ठावर एकच असावे, एवढीच सममितीची मागणी आहे, आणि ती कोणत्याही निर्देशांकांत तपासता येते. त्यामुळे गणन पुष्कळ सुटसुटीत झाले.

आयोटाचे पद दुय्यम वाटते, पण सगळी मदार त्याच्यावर आहे. ते काढून टाकले तर संगणक निमूटपणे साधा गोल टोरस पुढे करतो. त्यात सममितीची चूक अगदी शून्य असते आणि निर्वातात आयोटाही शून्य असतो, म्हणजे सममिती परिपूर्ण आणि यंत्र निरुपयोगी. गुणोत्तराचे पद काढले तर टोरस सायकलच्या रिंगसारखा बारीक होत जातो, कारण तिथे चूक आपोआप आटते. मळसूत्री जातीत आयोटाची अट घालावी लागत नाही, कारण तिथे असा फुकटचा सममित टोरस उपलब्धच नसतो.

सीमेचे सगळे हार्मोनिक पहिल्यापासून मोकळे सोडायचे नाहीत, हे सूत्र पाळले. आधी थोडे हार्मोनिक घेऊन किमान शोधायचे, ते उत्तर पुढच्या फेरीची सुरुवात म्हणून वापरायचे आणि दर फेरीत संख्या वाढवायची. पहिल्या फेऱ्यांमध्ये आकार झपाट्याने बदलतो, नंतरच्या फेऱ्यांमध्ये डोळ्यांना फरक दिसत नाही, पण चूक मात्र उतरत राहते. निम्म्या आवर्तनातले छेद पाहिले, तर उभट घेवड्याच्या दाण्यापासून आडव्या पसरट आकारापर्यंतचा प्रवास प्रसिद्ध रचनेशी जुळतो.

४ फेब्रुवारी २०२५ : कुठे थांबायचे

बूझर हार्मोनिक वेगळे काढून पाहिले. लांब कोनावर अवलंबून असणारी, म्हणजे सममिती मोडणारी सगळी हार्मोनिके मुख्य हार्मोनिकांपेक्षा अनेक पातळ्या खाली आहेत. प्रसिद्ध रचनेबाबत लँडरमन आणि पॉल यांनी दिलेला मापदंड मला व्यवहार्य वाटतो : सरासरी क्षेत्र १ टेस्ला धरले तर सममिती मोडणारा भाग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राएवढा, म्हणजे सुमारे ५० मायक्रोटेस्ला उरतो. ते प्रमाण वीस हजारात एक होते. त्याहून खाली उतरण्यासाठी संगणकाचा वेळ घालवणे हा हिशेबाचा हट्ट ठरेल, कारण कॉइली बसवतानाच्या चुकाच सहसा याहून मोठ्या असतात. निर्वात रचना गोठवली.

११ फेब्रुवारी २०२५ : दाब

आजपासून दाब घालायला सुरुवात झाली. ५.७ टेस्ला क्षेत्राचा स्वतःचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सव्वाशे पट असतो. प्लाझ्माचा दाब त्याच्या किती टक्के आहे, तो आकडा म्हणजे बीटा. तीन टक्के बीटा म्हणजे वातावरणाच्या चौपटीपेक्षा थोडा कमी दाब. ऐकायला किरकोळ, पण समतोलाचे सगळे प्रश्न यातूनच उगवतात.

समतोलाच्या समीकरणावरून क्षेत्राला लंब असलेली धारा लगेच मिळते. अडचण अशी, की टोरसमध्ये त्या लंब धारेचे अपसरण शून्य नसते, एका बाजूला प्रभार साचतो आणि तो वाहून नेण्यासाठी रेषेच्या दिशेने परतीची धारा वाहावी लागते. तिला फिर्श-श्ल्यूटर धारा म्हणतात. प्रत्येक हार्मोनिकासाठी ती वेगळी काढली, की छेदात आयोटा आणि त्या हार्मोनिकाचा परिमेय आकडा यांची वजाबाकी येते. ज्या पृष्ठावर आयोटा नेमका त्या परिमेय संख्येइतका असतो, तिथे छेद शून्य होऊन धारा अनंत होते. ती टाळायची तर एक तर त्या पृष्ठावर दाबाची प्रवणता शून्य हवी, नाही तर क्षेत्राच्या परिमाणातले ते हार्मोनिकच शून्य हवे. परिमेय संख्या सगळीकडे दाट पसरलेल्या असल्याने पहिला पर्याय सर्वत्र लावता येत नाही. त्रिमितीय टोरसमध्ये सुरळीत समतोल मुळात असतो का, ही हॅरोल्ड ग्रॅड यांनी १९६७ मध्ये व्यक्त केलेली शंका याच जागी उभी आहे.

सममितीचा उपकार इथे दिसतो. क्वासी-अक्षीय क्षेत्रात परिमाणाची लांब कोनातली हार्मोनिके नसतातच, म्हणून छेदात परिमेय संख्येची वजाबाकी येण्याऐवजी नुसता आयोटा उरतो, आणि आयोटा शून्य नसेल तोवर धारा सान्त राहते. अनंत धारांची अख्खी माळ एका फटक्यात गळून पडते. क्वासी-सममितीचा उल्लेख बहुतेक ठिकाणी कणांच्या कक्षांपुरता होतो. समतोलाच्या गणिताला तिच्यामुळे मिळणारा हा निवांतपणा माझ्या दृष्टीने तेवढाच मोलाचा आहे. अर्थात सममिती जितकी अपुरी, तितक्या त्या धारा लहान प्रमाणात परत येतात, हे विसरता येत नाही.

उरलेल्या सान्त धारेचाही परिणाम होतो. तिच्या क्षेत्रामुळे आतली पृष्ठे बाहेरच्या बाजूला सरकतात, तेच शाफ्रानोव्ह सरकणे. ते लहान त्रिज्येच्या निम्म्याएवढे होईपर्यंत बीटा वाढवता येतो असे मानले, तर मर्यादा ढोबळमानाने आयोटाचा वर्ग भागिले गुणोत्तर इतकी येते. ०.४२ चा वर्ग ०.१७६, त्याला ६ ने भागले की जेमतेम तीन टक्के. निर्वातातली सीमा तशीच ठेवून बीटा वाढवत नेला, तेव्हा अक्ष अपेक्षेप्रमाणे बाहेर सरकला आणि सममितीची चूक पायरीपायरीने वाढत गेली, अक्षाजवळ सर्वात आधी. निर्वातासाठी काढलेला आकार दाबाखाली उत्तम राहत नाही, म्हणून दाबासह पुन्हा ऑप्टिमायझेशन करणे भाग आहे. नवी सीमा जुन्या सीमेपेक्षा फार वेगळी दिसत नाही. जणू सरकण्याची आगाऊ भरपाई करण्यासाठीच ती थोडी बदललेली असते.

१८ फेब्रुवारी २०२५ : आपोआप वाहणारी धारा

दाबाच्या प्रवणतेमुळे अडकलेले आणि धावते कण यांच्या टकरींतून बूटस्ट्रॅप धारा निर्माण होते. अक्षीय जातीत ती टोकामॅकसारखीच वाहते आणि आयोटा वाढवते, मळसूत्री जातीत तिची दिशा उलटी असते. सममितीमुळे एक सोय झाली : टोकामॅकसाठी रेडल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दिलेले सूत्र आपल्याला जवळपास जसेच्या तसे वापरता येते, कारण क्वासी-सममित क्षेत्रातला कण टोकामॅकमधल्या कणासारखाच वागतो. धारा घालायची, समतोल काढायचा, नव्या समतोलावरून धारा पुन्हा काढायची आणि दोन्ही जुळेपर्यंत हे चालू ठेवायचे.

चिंता आयोटाच्या प्रवासाची आहे. दोन आवर्तनांच्या यंत्रात ०.४ हा आकडा (दोन पंचमांश) सर्वात धोक्याचा, कारण त्याचे हार्मोनिक कमी क्रमाचे आणि म्हणून बलवान असते. निर्वातातला ०.४२ त्याच्या थोडा वर बसतो. धारा वाढू लागली की आयोटा तीन सप्तमांश, चार नवमांश असे टप्पे ओलांडत ०.५ कडे चढतो, आणि ०.५ हेही बलवान परिमेय आहे. रचनेचा अंतिम बिंदू सुरक्षित असून भागत नाही, यंत्र तापत असताना वाटेत कुठली पृष्ठे ओलांडावी लागतील तेही पाहिले पाहिजे. प्रिन्स्टनच्या एनसीएसएक्स या क्वासी-अक्षीय स्टेलरेटरच्या रचनेत आयोटाचा सुमारे पाव भाग प्लाझ्माच्या धारेकडून घ्यायचा होता. वाटचालीचा हा प्रश्न अशा प्रत्येक रचनेला सोडवावा लागतो.

२५ फेब्रुवारी २०२५ : पृष्ठे खरोखर आहेत का

व्हीमेक एकात एक बसलेली अखंड पृष्ठे गृहीतच धरते. चुंबकीय बेटे (पृष्ठे फुटून क्षेत्ररेषांची होणारी वेगळी वेटोळी) तिच्या उत्तरात दिसणे शक्य नाही, ती असली तरी. त्यामुळे तिच्या निकालावर पृष्ठांच्या अस्तित्वाबद्दल काहीही म्हणता येत नाही. निर्वात क्षेत्रात रेषा टोरसभोवती वारंवार फिरवून छेदावर त्यांचे ठिपके पाहिले. पृष्ठे स्वच्छ आहेत. दाबासह हाच तपास करण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा दाब मानणारी स्पेक ही संहिता लावायची आहे, आणि ते काम सहकाऱ्याकडे दिले आहे.

५ मार्च २०२५ : कॉइली

आतापर्यंतचे सगळे काम सीमेचा आकार दिलेला आहे असे मानून झाले. तो आकार निर्माण करणारे तांब्याचे किंवा अतिवाहकाचे वळसे काढणे हे वेगळेच प्रकरण आहे. सीमेवर क्षेत्राचा लंब घटक शून्य यावा, ही अट ठेवून अर्ध्या आवर्तनात चार वेगळ्या कॉइली घेतल्या. स्टेलरेटर-सममितीने त्यांच्या एकूण सोळा होतात. लांबी, वक्रता आणि दोन कॉइलींमधले अंतर यांवर मर्यादा घातल्या.

निकालाचा कल स्पष्ट आहे. लांबी जितकी मोकळी सोडावी, तितकी सममितीची चूक कमी होते आणि तितक्याच कॉइली वेड्यावाकड्या होतात. वेक्सुंग आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच रचनेसाठी सोळा कॉइलींचे संच देऊन अचूक सममिती कॉइलींनीही गाठता येते हे दाखवले आहे, त्यामुळे वाट बंद नाही हे ठाऊक आहे. प्रश्न अंतराचा आहे. अणुभट्टीत प्लाझ्मा आणि कॉइल यांच्यामध्ये ट्रिटियम बनवणारे आवरण आणि न्यूट्रॉन अडवणारी भिंत बसवायची तर सुमारे दीड मीटर जागा लागते. १.७ मीटर लहान त्रिज्येच्या यंत्रात ही जागा मामुली नाही. क्षेत्रातले बारीक तपशील कॉइलपासून दूर जाताना घातीय वेगाने विरतात, म्हणून आकारात तपशील जास्त असतील तर कॉइली जवळ आणाव्याच लागतात. क्षेत्र किती अंतरात ठळकपणे बदलते, ती लांबी सीमेवर मोजली की कॉइली किती दूर ठेवता येतील याचा चांगला अंदाज येतो, हे केपल, लँडरमन आणि मल्होत्रा यांनी २०२४ मध्ये दाखवले. ही लांबी आता पहिल्या टप्प्याच्या उद्दिष्ट-फलनातच चौथे पद म्हणून घालणार आहे. कॉइलींचा विचार शेवटी करायचा ही प्रथा मला पटत नाही. आकार गोठल्यावर कॉइलींकडे फक्त सोसणे उरते.

बांधणीची काटेकोरता काय मागते याची दोन टोके समोर आहेत. एनसीएसएक्सच्या कॉइलींमधली धारा ठरलेल्या जागेपासून दीड मिलिमीटरच्या आत ठेवायची होती. खर्च आणि मुदत दोन्ही हाताबाहेर गेल्याने २००८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने तो प्रकल्प रद्द केला. दुसरीकडे वेंडेलश्टाइन ७-एक्समध्ये पन्नास मुरडलेल्या आणि वीस सपाट अतिवाहक कॉइली बसल्या, १० डिसेंबर २०१५ रोजी पहिला प्लाझ्मा मिळाला, आणि मोजणीत क्षेत्राचा ठरलेल्या रचनेपासूनचा फरक लाखात एकापेक्षा कमी आढळला. म्हणजे अचूकता साधता येते, पण तिची किंमत आकार ठरवतानाच ठरते.

१२ मार्च २०२५ : चुकीची वाटणी

चार पदांसह दाबाखालचे ऑप्टिमायझेशन चालवले. अपेक्षेप्रमाणे सममितीची चूक निर्वात रचनेपेक्षा वाढली आणि कॉइलींना हवी असलेली जागा मिळाली. आता चूक कुठल्या पृष्ठांवर राहू द्यायची, हा निर्णय शिल्लक आहे. सध्या सर्व पृष्ठांना सारखे वजन आहे. अल्फा कण मुख्यतः गरम गाभ्यात जन्मतात, त्यामुळे गाभ्याकडे सममिती कडक ठेवून काठाकडे सैल सोडावी असे पहिल्या विचारात वाटते. पण रुंद कक्षेचा कण जन्मस्थानापासून बराच बाहेर जाऊन येतो, आणि आपल्या अक्षीय जातीत कक्षा रुंदच आहेत. याउलट समतोलाच्या बाजूने पाहिले तर चूक आयोटाच्या बलवान परिमेय संख्यांजवळच्या पृष्ठांवर सर्वात महाग पडते, कारण तिथेच गळून पडलेल्या धारा परत उभ्या राहतात. आपल्या रचनेत धारा धरून आयोटाचा ०.५ कडचा भाग नेमका कुठे येतो, त्यावर वजने ठरवावी लागतील.

मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की सममितीची चूक हे शेवटी प्रतिनिधी माप आहे आणि निर्णय कणांच्या प्रत्यक्ष गळतीवर व्हावा. ते मान्य केले. तीन सीमा तुलनेला घ्यायच्या : सर्व पृष्ठांना सारखे वजन असलेली, गाभ्याला जास्त वजन दिलेली, आणि परिमेय पृष्ठांजवळ जास्त वजन दिलेली. तिन्ही एरीस-सीएसच्या मापाला वाढवून, लहान त्रिज्येच्या निम्म्यावर असलेल्या पृष्ठावरून ३.५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे अल्फा सर्व दिशांना सारखे सोडायचे, टकरी न धरता ०.२ सेकंदांपर्यंत त्यांचा माग काढायचा, आणि बाहेर पडलेल्यांची वेळ नोंदवायची. पहिल्या मिलिसेकंदात निसटणारे आणि नंतर हळूहळू झिरपणारे यांची नोंद वेगळी ठेवावी, कारण पहिल्यांचे कारण कक्षांची रुंदी असते आणि दुसऱ्यांचे उरलेली असममिती. स्पेकचा निकाल तोवर आला, तर तिसऱ्या सीमेची वजने त्यावरून बदलायची.